मॉडेल कुठे खोटं आहे? भौतिकशास्त्रातल्या मॉडेलांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भौतिकशास्त्र शिकवायला लागल्यापासून मला सूत्रांपेक्षा सूत्रांमागच्या गोष्टीविषयीच जास्त प्रश्न येतात. बारावीची मुलं विचारतात, त्यांचे पालक विचारतात, निवृत्त इंजिनिअर तर हमखास विचारतात. तेच ते प्रश्न परत परत येत असल्यामुळे उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. क्रम साध्यापासून अवघडाकडे आहे. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही, तिथे फक्त क्रमांक दिला आहे.

१. मॉडेल म्हणजे नेमकं काय? प्रतिकृती, प्रारूप, प्रतिमान हे सगळं एकच का?

शाळेच्या पुस्तकात ‘अणुप्रारूप’ असतं, विद्वानांच्या लिखाणात ‘प्रतिमान’, आणि बोलताना सगळेच ‘मॉडेल’ म्हणतात. या तीन शब्दांत फरक करायची गरज नाही. प्रतिकृती मात्र वेगळी. दिवाळीत मुलं अंगणात मातीचा रायगड करतात, ती प्रतिकृती. ती रायगडासारखी दिसली की काम झालं. तिच्यावर पाणी ओतून खऱ्या रायगडावरचं पाणी कुठून वाहील हे कुणी ठरवायला गेलं, तर त्या क्षणी तिचं मॉडेल झालं.

म्हणजे एका गोष्टीच्या जागी दुसरी ठेवायची, त्या दुसरीवर विचार किंवा मोजमाप करायचं आणि निष्कर्ष पहिलीविषयी काढायचा. ती दुसरी गोष्ट सिमेंटची असेल, समीकरण असेल किंवा फळ्यावरचं चित्र असेल. हाइनरिश हर्ट्झने १८९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या यांत्रिकीवरच्या ग्रंथात हे फार नेमकं मांडलं आहे. आपण वस्तूंची मनात चित्रं करतो, आणि ती अशी हवीत की चित्रातून विचाराने जे निघतं ते निसर्गात प्रत्यक्ष जे घडतं त्याचंच चित्र ठरावं.

लोकलच्या डब्यात दारावर स्टेशनांची पट्टी असते. सगळी स्टेशनं एका सरळ रेषेत, सारख्या अंतरावर. ती पट्टी खोटी आहे असं कुणी म्हणत नाही, कारण ती फक्त क्रम सांगते हे प्रवाशाला ठाऊक असतं. तिच्यावर फूटपट्टी ठेवून किलोमीटर मोजायला बसलात तर चूक तुमची. मॉडेल कसं वाचायचं याचा करार हा मॉडेलचाच भाग असतो.

२. मॉडेल आणि सिद्धांत यांत फरक काय?

न्यूटनचे नियम लंबकाविषयी अवाक्षर काढत नाहीत. दोरा, गोळा, गुरुत्व यांतलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे आधी ठरवावं लागतं. ते ठरलं की मॉडेल तयार होतं आणि मग नियम त्याला लागू करता येतात. विज्ञानाच्या तत्त्वज्ञ नॅन्सी कार्टराइट यांनी १९८३ मध्ये याच मुद्द्यावर मोठी खळबळ उडवून दिली. नियम अचूक लागू पडतात ते मॉडेलमधल्या वस्तूंना, समोरच्या वस्तूंना नव्हे, असं त्यांचं म्हणणं. सगळ्यांना ते पटत नाही, पण नियम आणि वस्तू यांच्यामध्ये मॉडेल उभं असतं एवढं तरी मान्य करावंच लागतं.

३. लंबकाचं सूत्र खोटं आहे हे माहीत असताना ते आम्हाला का शिकवता?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

प्रयोगशाळेतला लंबक डोळ्यांसमोर आणा. स्टँडला बूच, बुचाच्या चिरेत अडकवलेला दोरा, खाली धातूचा गोळा. सूत्र म्हणतं की दोलनकाल फक्त लांबी आणि गुरुत्व त्वरण यांवर ठरतो. १ मीटर लांबीला तो साधारण २.००६ सेकंद येतो, म्हणजे २० दोलनांना सुमारे ४०.१ सेकंद. हे सूत्र मांडताना आपण बरंच काही खोटं धरलेलं असतं. गोळा म्हणजे एक बिंदू, दोऱ्याला वजन नाही, हवा नाही, आणि कोन इतका लहान की त्याची ज्या आणि तो कोन एकच.

आता यातलं प्रत्येक खोटं मोजून पाहा. लंबक ५ अंशांवरून सोडला तर खरा दोलनकाल सूत्रापेक्षा सुमारे ०.०५ टक्क्याने जास्त असतो. २० दोलनांत फरक पडतो ०.०२ सेकंदाचा, आणि स्टॉपवॉच दाबणाऱ्या हाताची चूकच त्याच्या कितीतरी पट असते. गोळ्याची त्रिज्या १ सेंटिमीटर असेल तर तो बिंदू धरल्याने होणारी चूक ०.००२ टक्का. पण ४० अंशांवरून सोडा. मग फरक ३.१ टक्क्यांवर जातो, २० दोलनांत सव्वा सेकंद, आणि तो वर्गातल्या कुणालाही सापडतो.

तर हे सूत्र शिकवायचं कारण असं की ते कुठे, किती आणि कोणत्या दिशेने खोटं आहे हे आपण सांगू शकतो. ‘कोन लहान असावा’ ही ओळ प्रयोगवहीत ‘दक्षता’ या सदराखाली पाठ करून लिहिली जाते याचं मला खरोखर वाईट वाटतं. ती दक्षता नाही, ती त्या मॉडेलची हद्द आहे. एकदा तरी प्रत्येक मुलाला लंबक ४० अंशांवरून सोडू द्यावा आणि सूत्र चुकताना पाहू द्यावं.

४. गोष्टी सोडून देणं आणि गोष्टी खोट्या धरणं, यांत फरक आहे का?

आहे. गोळ्याचा रंग आपण सोडून देतो. त्याविषयी आपण काही बोलतच नाही, त्यामुळे खोटंही बोलत नाही. गोळ्याचा आकार शून्य धरतो, हे मात्र उघड खोटं विधान आहे. पहिल्याला अमूर्तीकरण म्हणतात, दुसऱ्याला आदर्शीकरण. दुसऱ्याचा हिशेब ठेवावा लागतो.

५. मॉडेल जितकं खऱ्यासारखं दिसेल तितकं चांगलं, बरोबर ना?

नाही. याचं मला माहीत असलेलं सर्वांत बोलकं उदाहरण कॅलिफोर्नियात सॉसलिटो इथे आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात बांध घालून गोड्या पाण्याचे मोठे तलाव करायची एक योजना होती. ती तपासायला अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी १९५७ मध्ये सबंध उपसागराचं काँक्रीटचं मॉडेल बांधलं. आडव्या दिशेत प्रमाण १ : १०००, उभ्या दिशेत मात्र १ : १००. म्हणजे मॉडेलमधला उपसागर खऱ्यापेक्षा दहा पट जास्त खोल दिसतो.

मुद्दाम असं का केलं? उभं प्रमाणही १ : १००० ठेवलं असतं तर काही मीटर खोलीचं पाणी काही मिलिमीटरांवर आलं असतं. इतक्या पातळ थरात पृष्ठताण आणि श्यानता (पाण्याचा चिकटपणा) वरचढ होतात आणि पाणी भरतीच्या पाण्यासारखं वागतच नाही. खोली दहा पट केल्यावर दुसरी अडचण आली. तळाशी घासून पाण्याचा जो वेग कमी व्हायचा तो पुरेसा कमी होईना. मग तळातून तांब्याच्या पट्ट्या उभ्या केल्या, सुमारे अडीच लाख. खऱ्या उपसागरात असं काहीही नाही. एक खोटं केलं, त्याची भरपाई करायला दुसरं केलं, आणि प्रत्यक्ष मोजलेल्या भरती-ओहोटीशी मॉडेल जुळेपर्यंत त्या पट्ट्यांची जुळवाजुळव केली. वेळही शंभर पट वेगाने धावतो: चंद्राचा दिवस, म्हणजे २४ तास ५० मिनिटं, १४.९ मिनिटांत उरकतो. ती बांधांची योजना चालणार नाही हे या मॉडेलने दाखवून दिलं.

आपल्याकडे हे काम पुण्याजवळ खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्थेत चालतं. १९१६ मध्ये मुंबई इलाख्याच्या काळात सुरू झालेली ही संस्था धरणांचे सांडवे, बंदरं, नद्यांची पात्रं यांची मॉडेल्स करते. तिथल्या कामाचा पाया असलेली एक अडचण सगळ्यांनी समजून घ्यावी अशी आहे. लाटा आणि गुरुत्व नीट उतरवायचे तर १ : १०० मॉडेलमध्ये पाण्याचा वेग दहापट कमी ठेवावा लागतो. हा फ्रूडचा नियम. श्यानता नीट उतरवायची तर त्याच मॉडेलमध्ये वेग शंभरपट वाढवावा लागतो. हा रेनॉल्ड्सचा. पाणी तेच ठेवून दोन्ही एकदम साधणं शक्यच नाही. सांडव्याच्या मॉडेलमध्ये गुरुत्व महत्त्वाचं, म्हणून फ्रूडला धरतात आणि रेनॉल्ड्सला सोडतात. खोटं कुठे ठेवायचं एवढीच निवड अभियंत्याच्या हातात असते.

६. विजेला पाण्याच्या टाकीची उपमा देतात. ती किती ताणायची?

विज्ञानाच्या तत्त्वज्ञ मेरी हेसी यांनी १९६० च्या दशकात उपमेचे तीन भाग सांगितले: जुळणारा, न जुळणारा आणि अजून न तपासलेला. टाकीची उंची म्हणजे विभवांतर, पाइपातला ओघ म्हणजे विद्युतधारा, हे जुळतं. पाइप कापला की पाणी सांडतं, तार कापली की विजेचा प्रवाह थांबतो. हे जुळत नाही. मौज तिसऱ्या भागात आहे. नळ झटकन बंद केला तर पाइपात धाडकन ठोका बसतो, कारण वाहतं पाणी एकदम थांबायला तयार नसतं. विजेतही असं काही असेल का? आहे. मोटार चालू असताना स्विच बंद केला की आत ठिणगी पडते. गणितही सारखंच आहे. कारण मात्र वेगळं. पाइपात ती ऊर्जा पाण्याच्या गतीत असते, मोटारीत ती चुंबकीय क्षेत्रात असते. तारेतले इलेक्ट्रॉन तर अगदी संथ सरकतात. १ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेत १ अँपिअर वाहत असेल तर सेकंदाला मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी.

७. मग गुरुत्वाकर्षणाची ती रबरी चादर?

चादरीवर जड गोळा ठेवला की खळगा पडतो आणि गोट्या त्याच्याकडे घरंगळतात. वक्रता हा शब्द मुलांना दिसावा एवढ्यापुरती ती ठीक. पण गोटी घरंगळते ती खालच्या पृथ्वीच्या गुरुत्वामुळे, म्हणजे जे समजवायचं तेच गृहीत धरलेलं आहे. शिवाय हातातून सुटलेला दगड खाली येतो त्यात मुख्य वाटा अवकाशाच्या वक्रतेचा नसून काळाच्या वक्रतेचा आहे, आणि चादरीवर काळ कुठेच नाही. मी वर्गात ती वापरणं सोडून दिलं आहे.

८. बोरचं अणुप्रारूप चुकीचं होतं. मग त्यातून उत्तर बरोबर कसं आलं?

नील्स बोर यांनी १९१३ मध्ये इलेक्ट्रॉनला ठरावीक वर्तुळाकार कक्षांत फिरवलं आणि हायड्रोजनच्या वर्णरेषा अचूक निघाल्या. आज आपल्याला माहीत आहे की अशा कक्षा नसतात. सर्वांत खालच्या पातळीवर कोनीय संवेग बोरच्या हिशेबाने एक एकक यायला हवा, प्रत्यक्षात तो शून्य आहे. हीलियमच्या अणूपुढे तर हे मॉडेल हतबल झालं.

पण एक प्रसंग पाहा. काही वर्णरेषा हायड्रोजनच्या समजल्या जात. बोर म्हणाले, त्या एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या हीलियमच्या आहेत. त्यांच्या सूत्राप्रमाणे दोन्हींच्या स्थिरांकांचं गुणोत्तर ४ यायला हवं होतं. इंग्लंडमधले वर्णपटतज्ज्ञ आल्फ्रेड फाउलर यांनी आक्षेप घेतला की मोजमापात ते ४ येत नाही, जरासं जास्त येतं, आणि एवढा फरक चुकीने पडत नाही. बोर यांनी आपल्या मॉडेलमधलं एक आदर्शीकरण काढलं. केंद्रक अचल धरलं होतं, ते आता इलेक्ट्रॉनबरोबर किंचित हलू दिलं. नवं गुणोत्तर आलं ४.००१६, मोजमापाशी जुळणारं.

कक्षांचं चित्र चुकीचं असूनही मॉडेलने काहीतरी खरं पकडलेलं होतं: ऊर्जेच्या पायऱ्या, आणि इलेक्ट्रॉन-केंद्रकाच्या वस्तुमानांचं नातं. १९२६ मध्ये श्रोडिंगरच्या समीकरणातून हायड्रोजनच्या त्याच पायऱ्या पुन्हा निघाल्या. म्हणून ‘बोर चुकले’ असं एका ओळीत उरकू नये. थॉमसन, रदरफोर्ड, बोर ही चुकांची यादी म्हणून शिकवली जाते, आणि प्रत्येकाने नेमकं काय पकडलं हे मुलांपर्यंत पोहोचतच नाही.

९. एकाच केंद्रकाची दोन परस्परविरोधी मॉडेल्स एकाच पुस्तकात कशी चालतात?

द्रवबिंदू मॉडेलमध्ये केंद्रकातले कण थेंबातल्या रेणूंसारखे एकमेकांना धरून असतात. १९३९ मध्ये बोर आणि व्हीलर यांनी याच चित्रावरून युरेनियमचं विखंडन समजावलं. कवच मॉडेलमध्ये (१९४९, मारिया गेपर्ट-मायर आणि हान्स येन्सन) तेच कण जणू एकमेकांची दखल न घेता आपापल्या पातळ्यांत फिरतात, आणि त्यातून २, ८, २०, २८, ५०, ८२, १२६ हे ‘जादुई’ आकडे निघतात. वरवर पाहता दोन्ही खरी असूच शकत नाहीत.

काही तत्त्वज्ञ म्हणतात की मॉडेल ही फक्त हत्यारं, विळ्याने कापावं आणि खुरप्याने खुरपावं. मला ते अपुरं वाटतं. विरोध दिसला की तो कुठून आला हे शोधायला हवं, आणि इथे भौतिकशास्त्रज्ञांनी ते शोधलं. इतक्या दाटीत कण एकमेकांवर आदळत का नाहीत? कारण पाउलीच्या अपवर्जन तत्त्वानुसार एकाच अवस्थेत दोन सारखे कण बसू शकत नाहीत, आणि टक्कर होऊन ज्या पातळीत जायचं ती आधीच भरलेली असते. आगे बोर (नील्स बोर यांचे पुत्र), मॉटेलसन आणि रेनवॉटर यांनी दोन्ही चित्रं जोडली, १९७५ चं नोबेल त्याच कामाला.

१०. आपण घातलं तेच मॉडेलमधून बाहेर येणार. मग नवं काय कळणार?

लॉस अलामॉस या अमेरिकी प्रयोगशाळेचा १९५५ चा अहवाल हे याचं उत्तर. फर्मी, पास्ता आणि उलाम यांनी स्प्रिंगांनी जोडलेल्या काही डझन वस्तुमानांची एक माळ कॉम्प्युटरवर चालवली. प्रोग्रॅम मेरी त्सिंगू यांनी लिहिला होता. स्प्रिंगांत किंचित अरेषीयता घातली होती, म्हणजे ताण आणि जोर अगदी सरळ प्रमाणात नव्हते. अपेक्षा अशी की एकाच कंपनप्रकारात दिलेली ऊर्जा हळूहळू सगळ्यांत वाटली जाईल. ती थोडी पसरली आणि मग जवळजवळ सगळी परत पहिल्या कंपनात येऊन बसली. समीकरणं त्यांनीच लिहिली होती, तरी पोटात काय आहे हे त्यांना माहीत नव्हतं. याच कोड्यातून १९६५ मध्ये झाबुस्की आणि क्रुस्कल सॉलिटॉन लाटांपर्यंत, म्हणजे आकार न बदलता धावणाऱ्या एकट्या लाटांपर्यंत पोहोचले.

११. मग कॉम्प्युटर सिम्युलेशनला प्रयोग म्हणायचं का?

माझ्या मते नाही. वरच्या माळेने समीकरणांविषयी नवं सांगितलं. खऱ्या स्फटिकाविषयी काही म्हणायचं तर स्फटिक टेबलावर आणावाच लागतो. खडकवासल्याचं पाणी (प्रश्न ५) मात्र खरं पाणी असतं. आपण समीकरणात लिहायला विसरलेली गोष्टही ते करून दाखवू शकतं.

१२. मॉडेल आणि निरीक्षण जुळलं नाही, तर दोष कुणाचा?

आधीपासून ठरवता येत नाही, आणि हे दाखवायला एकाच माणसाच्या दोन गोष्टी पुरतात. युरेनस गणितापासून ढळत होता. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ल व्हेरिए यांनी न्यूटनवर विश्वास ठेवून पलीकडे एक न दिसलेला ग्रह आहे असं गणित मांडलं. २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत गाले यांना नेपच्यून सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत सापडला. नंतर बुधही ढळतो असं ल व्हेरिए यांच्याच लक्षात आलं. त्यांनी तोच मार्ग धरला आणि सूर्याजवळ आणखी एक ग्रह सुचवला. तो कधीच सापडला नाही. बुधाचे शतकाला ४३ विकलांचे ते अंतर १९१५ मध्ये आइन्स्टाइनच्या सिद्धांताने भरून काढलं. पहिल्या वेळी मॉडेलमध्ये एक वस्तू कमी होती, दुसऱ्या वेळी सिद्धांतच अपुरा होता. विचार करायची पद्धत दोन्हीकडे एकच होती.

१३. स्थिर-स्थिती विश्वाचं मॉडेल मागे पडलं. मग नारळीकरांची मेहनत वाया गेली का?

मराठी वाचकांकडून हा प्रश्न हळवेपणाने येतो आणि मला तो समजतो. बाँडी, गोल्ड आणि हॉयल यांनी १९४८ मध्ये हे मॉडेल मांडलं. जयंत नारळीकर केंब्रिजला हॉयल यांचे विद्यार्थी आणि पुढे सहकारी झाले. मॉडेलचा दावा स्पष्ट होता: विश्व पूर्वीही आजच्यासारखंच दिसत होतं. १९६५ मध्ये सूक्ष्मलहरींचं पार्श्वप्रारण, म्हणजे विश्वाच्या तप्त सुरुवातीची उरलेली ऊब, सापडलं आणि या दाव्याला मोठा धक्का बसला. पण सुरुवातीचा तप्त महास्फोट नाकारल्यावर जड मूलद्रव्यं कुठे शिजली याचं उत्तर हॉयल यांना ताऱ्यांच्या पोटातच शोधणं भाग होतं. १९५७ मध्ये त्यांनी बर्बिज दांपत्य आणि फाउलर (प्रश्न ८ मधले नव्हेत, हे विल्यम फाउलर) यांच्यासह केलेलं ते काम आजही पायाभूत मानलं जातं. १९९३ मध्ये नारळीकर, हॉयल आणि जेफ्री बर्बिज सुधारित मॉडेल घेऊन पुन्हा उभे राहिले. बहुतेकांनी ते स्वीकारलं नाही. प्रस्थापित मॉडेलपुढे आपलं मॉडेल तपासायला ठेवणं हे मात्र विज्ञानाचंच काम आहे.

१४. सगळं ‘कशासाठी’ यावरच ठरत असेल, तर कुठलंही मॉडेल चालेल?

प्रश्न आपण निवडतो, उत्तर आपण निवडत नाही. सॉसलिटोच्या मॉडेलमध्ये पट्ट्या जुळवल्या त्या मोजलेल्या भरतीशी, योजना आखणाऱ्याच्या इच्छेशी नव्हे. जुळवून घेतल्यावर जे जुळवलं नव्हतं तेही बरोबर येतं का, ही खरी कसोटी. बोर यांचं ४.००१६ असंच आलं होतं.

१५. बिंदुवस्तुमान, घर्षणरहित पृष्ठभाग जगात नाहीतच. मग त्यांच्याविषयी आपण खरं-खोटं कसं बोलतो?

एक उत्तर असं की ते गोष्टीतल्या पात्रांसारखे आहेत. कोल्ह्याच्या गोष्टीत कोल्हा द्राक्षांना आंबट म्हणतो हे खरं, गोड म्हणतो हे खोटं, जरी तो कोल्हा कधी जन्मलाच नाही. दुसरं उत्तर असं की त्या गणिती रचना आहेत, जशी शून्य जाडीची रेषा. मला पहिलं जवळचं वाटतं, कारण मॉडेल मांडताना आपण ‘समजा’ असंच सुरू करतो. पण पात्राची लांबी मोजून कुणी पूल बांधत नाही, आणि मॉडेलच्या आकड्यांवर पूल उभे राहतात. हा फरक कथेच्या बाजूने उत्तर देणाऱ्यांना अजून नीट सोडवायचा आहे.

१६. खोटं काढून टाकलं तर स्पष्टीकरणच नाहीसं होतं, असं कुठे होतं का?

होय, आणि प्रश्न ३ चं माझं उत्तर इथे अडखळतं. पाणी उकळताना गुणधर्म एका तापमानाला एकदम बदलतात. सांख्यिकी यांत्रिकीत असा धारदार बदल गणिताने काढायचा तर कणांची संख्या अनंत धरावी लागते. संख्या मर्यादित असेल, मग ती कितीही मोठी असो, तर गणितातली कडा गुळगुळीतच राहते. भांड्यातले रेणू तर मर्यादितच आहेत. विज्ञानाचे तत्त्वज्ञ रॉबर्ट बॅटरमन म्हणतात की हे अनंत टाळता येत नाही. जेरेमी बटरफील्ड म्हणतात की अनंतापर्यंत जायच्या आधीच, मोठ्या पण मर्यादित संख्येत, तेच वर्तन हवं तितकं जवळ दिसायला लागतं. मी बटरफील्ड यांच्या बाजूने आहे. पेलाभर पाण्यात सुमारे ७ वर २४ शून्यं इतके रेणू असतात, आणि त्या कडेचा गोलावा कोणत्याही उपकरणाला दिसणार नाही.

१७. मॉडेलचं वस्तूशी काहीच साम्य नसताना आकडे जुळतात, ते कसं?

लेंझ यांनी १९२० मध्ये सुचवलेलं आणि आयझिंग यांच्या नावाने ओळखलं जाणारं चुंबकाचं मॉडेल म्हणजे चौकटींवर ठेवलेले बाण. प्रत्येक बाण फक्त वर किंवा खाली, आणि फक्त शेजाऱ्याचं ऐकणारा. आयझिंग यांनी १९२५ मध्ये एका ओळीतल्या बाणांचं गणित केलं, त्यात चुंबकत्व येत नव्हतं, आणि तीन मितींतही येणार नाही असा चुकीचा निष्कर्ष त्यांनी काढला. दोन मितींचं अचूक उत्तर ऑन्सागर यांनी १९४४ मध्ये दिलं.

पाणी ३७४ अंश सेल्सिअसच्या क्रांतिक बिंदूकडे, म्हणजे जिथे द्रव आणि वाफ यांत फरकच उरत नाही तिकडे, नेताना द्रव आणि वाफ यांच्या घनतांतला फरक एका ठरावीक घातांकाने कमी होतो. तीन मितींतल्या बाणांचं चुंबकत्वही क्रांतिक तापमानाजवळ त्याच घातांकाने कमी होतं, सुमारे ०.३२६. पाण्यात बाण नाहीत, चौकटी नाहीत. केनेथ विल्सन यांना ज्या कामासाठी १९८२ चं नोबेल मिळालं त्यातून कारण कळलं: क्रांतिक बिंदूजवळ दूरदूरचे कण एकत्र डोलू लागतात आणि बारीकसारीक तपशील मोठ्या अंतरावर पुसले जातात. उरतं ते फक्त मिती किती, आणि जे बदलतं आहे त्याची सममिती कोणती. तेवढ्यात बाण आणि पाणी सारखे आहेत.